एकशेतीसचा उंबरठा

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात माझी भाची राहते. तिच्याकडे काही महिने मुक्कामाला असताना, वसंत ऋतूच्या दिवसांत, तिच्या जेवणाच्या मेजावर निळ्या पुठ्ठ्याची एक फाइल आठवडाभर पडून होती, आणि घरातले जेवणखाण त्या फाइलीला वळसा घालून चालले होते. दुसऱ्या इयत्तेत शिकणाऱ्या तिच्या मुलीची प्रज्ञावान मुलांच्या वर्गासाठी निवड झाली नाही, असे कळविणारे शाळेचे पत्र त्या फाइलीत सर्वांत वर होते. त्याखाली गणिताच्या वहीची चार पाने, पावसाचे पाणी पन्हळीतून पिंपात कसे उतरते हे दाखविणारे मुलीने काढलेले एक चित्र, शिक्षिकेचा दोन ओळींचा अभिप्राय आणि एका खाजगी मानसशास्त्रज्ञाने केलेल्या बुद्धिमापनाचा अहवाल, असे कागद क्रमाने लावले होते. "मामा, तुमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचं तर हा फेरअर्ज आहे," भाची म्हणाली, "आणि मुदत शुक्रवारी संपते."

महसूल खात्यात तीस वर्षे अर्ज वाचण्यात आणि त्यांवर शेरे लिहिण्यात घालविल्यामुळे फेरअर्ज ही वस्तू मला अपरिचित नव्हती. जमिनीची हद्द, वारसाची नोंद, पाणीपट्टीची सूट यांसाठी दाद मागणारी माणसे मी जन्मभर पाहिली होती. परंतु सात वर्षांच्या मुलीच्या बुद्धीविषयी सरकारी शाळेने दिलेल्या निर्णयावरही दाद मागता येते, ती ऐकण्यासाठी समिती नेमलेली असते, आणि त्या समितीतील बहुसंख्य सभासद पहिला निर्णय देणाऱ्यांहून वेगळे असले पाहिजेत असा त्या राज्याचा नियमच आहे, हे मी प्रथम पाहत होतो. ही वहिवाट कोणी पाडली, आणि तिच्यावरून आज कोण चालते, हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. दुपारच्या वेळी तेथील वाचनालयात बसून त्याचा जो शोध घेता आला, तो येथे मांडीत आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेत नाही, पॅरिसमध्ये आहे. नेहमीच्या वर्गातील शिक्षण ज्यांना झेपत नाही अशा मुलांची व्यवस्था कशी लावावी याचा विचार करण्यासाठी फ्रेंच सरकारने १९०४ साली एक आयोग नेमला, आणि त्या कामातूनच आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ या दोघांनी १९०५ साली तीस लहानलहान प्रश्नांची एक मालिका तयार केली. दोन रेघांपैकी लांब कोणती ते सांगणे, ऐकलेले आकडे त्याच क्रमाने पुन्हा म्हणणे, दोन वजनांपैकी जड कोणते ते हातावर तोलून ओळखणे, चित्रातील वस्तूंची नावे सांगणे, अशी ही साधीसुधी सामग्री होती. शिक्षकाच्या रागालोभावर कोणाचे मूल मंदबुद्धीच्या वर्गात ढकलले जाऊ नये, त्या निर्णयाला काही तपासता येण्याजोगा आधार असावा, ही तिच्यामागची भावना होती. म्हणजे पुढे ज्या चाचणीविरुद्ध माणसांनी दाद मागितली, ती चाचणी जन्माला आली तेव्हा स्वतःच एका मनमानीवरचा इलाज होती. बुद्धी ही कायमची ठरून गेलेली राशी आहे, तिच्यात वाढ होत नाही, असे मानणाऱ्यांचा बिनेने १९०९ साली लिहिलेल्या आपल्या पुस्तकात कळकळीने निषेध केला. दोनच वर्षांनी तो वारला, आणि त्याचे हत्यार महासागर ओलांडून अशा हातांत गेले, ज्यांना त्याच्या या निषेधाचे फारसे महत्त्व वाटले नाही.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुईस टर्मन यांनी १९१६ साली बिनेच्या चाचणीची अमेरिकन आवृत्ती सिद्ध केली आणि बुद्धिगुणांक हा शब्द घरोघर पोहोचविला. मुलाच्या वयाशी त्याच्या बौद्धिक वयाचे प्रमाण काढून शंभराने गुणावयाचे, म्हणजे एक आकडा हाती येतो. सामान्य मूल शंभरावर, त्याहून तीव्र ते वर, मंद ते खाली. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या सामुदायिक चाचण्या झाल्या आणि सतरा लाखांवर माणसे अशी मोजली गेली. युद्ध संपल्यावर तीच पद्धत शाळांत शिरली. १९२१ साली टर्मन यांनी कॅलिफोर्नियातील दीड हजारांवर प्रज्ञावान मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचे कार्य आरंभिले. वर्गातील सर्वांत हुशार मुले कोणती, आणि वयाने सर्वांत लहान कोण, हे शिक्षकांना विचारावयाचे, त्यांनी नावे दिलेल्या मुलांची चाचणी घ्यावयाची, आणि साधारणतः एकशेचाळीसच्या आसपासची रेघ ओलांडणारी तेवढी ठेवावयाची, असा तो शिरस्ता होता.

या चाळणीतून गळलेल्या मुलांपैकी दोघांची नावे पुढे जगाला ठाऊक झाली. विल्यम शॉकली याला ट्रान्झिस्टरच्या संशोधनाबद्दल १९५६ साली, आणि लुईस अल्वारेझ याला मूलकणांवरील कार्याबद्दल १९६८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टर्मन यांनी निवडलेल्या दीड हजारांपैकी मात्र एकालाही ते मिळाले नाही. ही गोष्ट बुद्धिमापनाच्या विरोधकांनी इतक्या वेळा सांगितली आहे की तिची धार आता बोथट झाली आहे. मला तिच्यातील दुसरेच अंग लक्षणीय वाटते. त्या दोन मुलांच्या आईबापांना त्या निर्णयाविषयी दाद मागण्याची काहीही सोय नव्हती, कारण तो निर्णय सरकारचा नव्हता, एका संशोधकाचा होता. आणि शॉकली, ज्याला स्वतःला ही रेघ ओलांडता आली नव्हती, तोच उत्तरायुष्यात कृष्णवर्णीयांची बुद्धी जन्मतः कमी असते असे त्याच आकड्यांच्या आधारे सांगत देशभर हिंडला. ज्या आकड्याने आपल्याला नाकारले त्याच्यावरही माणसाची इतकी श्रद्धा बसावी, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

आकड्यावरील या श्रद्धेला मोठे जाहीर आव्हान १९२२ सालीच मिळाले होते. वॉल्टर लिपमन या पत्रकाराने 'न्यू रिपब्लिक' या नियतकालिकात सहा लेख लिहून, बुद्धी म्हणजे काय हे निश्चित न करताच ती मोजल्याचा दावा कसा करता, आणि पन्नास मिनिटांच्या प्रश्नोत्तरांवरून मुलाच्या भवितव्यावर शिक्का मारण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असा रोखठोक सवाल टर्मन यांना केला. टर्मन यांनी त्याला उत्तर दिले ते उपहासाचे, युक्तिवादाचे नव्हे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या १६५ क्रमांकाच्या सरकारी शाळेत लेटा हॉलिंगवर्थ या विदुषीने प्रज्ञावान मुलांचे दोन वर्ग सुरू केले. अशा मुलांनाही दुर्लक्ष सोसावे लागते, त्यांनाही वर्गात एकटेपण येते, हे त्यांनी सहृदयतेने दाखवून दिले, आणि त्यांचे ते लेखन आजही वाचण्यासारखे आहे.

याच कालखंडातील एक प्रकरण मला सर्वांत हृद्य वाटले. हॉरेस मान बाँड या तरुण कृष्णवर्णीय अध्यापकाने १९२७ साली शिकागोतील सुस्थित कृष्णवर्णीय घरांतील मुलांची चाचणी घेतली आणि त्यांतील पुष्कळजण अतिशय वरच्या गुणांचे आहेत हे 'क्रायसिस' या मासिकात प्रसिद्ध केले. पुढे मार्टिन जेंकिन्स हा दुसरा कृष्णवर्णीय संशोधक त्याच शहरातील शाळांतून अशीच मुले शोधीत फिरला. त्याने आणि त्याचे गुरू पॉल विटी यांनी १९३५ साली एका नऊ वर्षांच्या मुलीचा वृत्तांत छापला. नाव गुप्त ठेवून तिचा उल्लेख केवळ एका अक्षराने केला होता, आणि तिचा बुद्धिगुणांक दोनशे भरला होता. ही मुले जेंकिन्सने घडविली नव्हती. ती आधीपासून त्या वर्गांत बसतच होती, आणि कोणी विचारले नाही म्हणून कोणाला कळली नव्हती. त्या मुलांच्या वतीने, कोणत्याही समितीपुढे न जाता, केलेला हा एक अर्जच होता असे मी मानतो. त्यावर निकाल मात्र फार वर्षे लागला नाही.

बिनेची ही चाचणी तोवर आपल्याकडेही येऊन पोहोचली होती. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातील मराठी व कानडी मुलांसाठी तिची नवी आवृत्ती कष्टपूर्वक तयार केली आणि १९४० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. परक्या भाषेतील प्रश्नांचे केवळ भाषांतर करून चालणार नाही, येथील मुलाने ज्या वस्तू पाहिल्या आहेत त्याच त्याला विचारल्या पाहिजेत, हे त्यांनी त्या काळात ओळखले होते. अमेरिकेतील न्यायासनांना हेच ओळखावयास आणखी तीस वर्षे लागली, आणि तेही आईबाप दारात येऊन उभे राहिले तेव्हा.

ती तीस वर्षे मी झरझर ओलांडतो. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी शिक्षणाला राष्ट्रीय संरक्षणाशी जोडणारा कायदा झाला, शास्त्र आणि गणित यांसाठी हुशार मुले हुडकून काढण्याची घाई सुरू झाली, आणि शाळाशाळांतून प्रज्ञावानांचे वर्ग उभे राहिले. कॅलिफोर्नियाने १९६१ साली त्यासाठी राज्यव्यापी योजना केली. पण हेच ते दशक होते ज्यात वर्णभेदावर उभ्या असलेल्या शाळा न्यायालयाच्या हुकमाने एकत्र येऊ लागल्या होत्या. आणि पुष्कळ ठिकाणी असे झाले की मुले एका इमारतीत आली, पण वर्ग वेगळेच राहिले. वर हुशारांचा वर्ग, तो बहुतांशी गोऱ्यांचा. खाली मंदबुद्धींचा वर्ग, तो बहुतांशी काळ्यांचा आणि मेक्सिकन मजुरांच्या मुलांचा. आणि दोन्ही दारांवर पहारेकरी एकच, तो आकडा. राजधानी वॉशिंग्टन येथील अशी प्रतवारी न्यायाधीश स्केली राइट यांनी १९६७ साली रद्दबातल ठरविली, तेव्हा ज्या चाचण्यांवर ती उभी होती त्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेल्या असल्याचे त्यांनी निकालपत्रात नमूद केले.

आता मी सोलेदादला येतो, कारण माझ्या भाचीच्या मेजावरील निळ्या फाइलीचा खरा उगम मला तेथे आढळला. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे परगण्यात, भाजीपाल्याच्या लांबच लांब मळ्यांच्या मध्ये, हे शेतमजुरांचे लहानसे गाव आहे. तेथील शाळेने मेक्सिकन कुळांतील काही मुलांची इंग्रजीतून चाचणी घेतली आणि त्यांना मंदबुद्धींच्या वर्गात बसविले. घरी ती मुले स्पॅनिश बोलत होती. त्यांपैकी नऊ मुलांच्या वतीने गरिबांना कायदेशीर साहाय्य देणाऱ्या एका संस्थेने संघराज्याच्या न्यायालयात फिर्याद दाखल केली. पण त्याआधी एक साधी गोष्ट झाली: स्पॅनिश जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने त्या मुलांची पुन्हा परीक्षा घेतली, आणि त्यांना दोहोंपैकी हव्या त्या भाषेत उत्तर देण्याची मुभा ठेवली. बहुतेक मुले मंदबुद्धी ठरविणारी खालची रेघ ओलांडून वर आली. सरासरीने पंधरा गुणांची वाढ झाली. मुले तीच, आणि बुद्धीही तीच. बदलले होते ते केवळ ऐकणाऱ्याचे कान. १९७० साली तडजोडीने निकाल लागला, आणि यापुढे मुलाची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेतूनही घ्यावी, व आधीच मंदबुद्धींच्या वर्गांत घातलेल्या मेक्सिकन आणि चिनी मुलांची पुन्हा चाचणी व्हावी, असे राज्याने मान्य केले.

थोड्याच दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोत असेच घडले. तेथे काही कृष्णवर्णीय मुलांची त्यांच्याच समाजातील मानसशास्त्रज्ञांनी फेरचाचणी घेतली, आणि तीही मुले त्या रेघेच्या बरीच वर निघाली. तो खटला अनेक वर्षे चालून १९७९ साली न्यायाधीश पेकम यांनी त्या मुलांच्या बाजूने निवाडा दिला. शाळेच्या आकड्यासमोर दुसऱ्या, स्वतंत्र परीक्षकाचा आकडा ठेवावयाचा, आणि पहिला निर्णय फिरवा म्हणून मागणी करावयाची, ही युक्ती आज प्रज्ञावानांच्या वर्गाबाहेर उभे असलेले सुस्थित आईबाप सर्रास वापरतात. ती प्रथम वापरली मजुरांनी आणि कृष्णवर्णीय वस्तीतील मातांनी, आणि वरच्या वर्गात शिरण्यासाठी नव्हे, तळघरातून मूल वर काढण्यासाठी.

सुनावणीचा हक्क आला तोही असाच खालून. पेन्सिल्वेनियात मतिमंद मुलांच्या पालकांच्या संस्थेने राज्याविरुद्ध दावा लावला, कारण त्यांच्या मुलांना शाळेत घेतलेच जात नव्हते. १९७१ सालच्या समझोत्यात, पालकांना लेखी नोटीस दिल्यावाचून आणि त्यांची कैफियत ऐकून घेतल्यावाचून कोणत्याही मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था बदलावयाची नाही, असे कलम घातले गेले. १९७५ साली हाच हक्क अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याने साऱ्या देशाला मिळाला. त्या कायद्यात प्रज्ञावान मुलांचा समावेश नव्हता. परंतु पेन्सिल्वेनियाच्या कायद्यात असाधारण मुले या एकाच संज्ञेखाली मंद आणि तीव्र अशी दोन्ही टोके घातलेली होती, म्हणून ज्या दारातून मतिमंद मुलांचे आईबाप आत आले, त्याच दारातून प्रज्ञावानांचेही आले. अन्य काही राज्यांनीही तोच कित्ता गिरविला. तरीही या हक्काचे माप राज्याराज्यांत वेगळे राहिले. पेन्सिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली, प्रज्ञावान मुलाला त्याच्या गरजेनुरूप शिक्षण देणे शाळेवर बंधनकारक आहे, मात्र हाताशी असलेल्या साधनांपलीकडे जाण्याची सक्ती तिच्यावर नाही, असा मध्यम मार्ग काढला; तर कनेटिकटच्या न्यायालयाने १९९४ साली, अशा मुलाला विशेष शिक्षणाचा घटनादत्त हक्कच नाही, असे स्पष्ट सांगितले.

दरम्यान १९७२ साली शिक्षण आयुक्त सिडनी मार्लंड यांनी काँग्रेसला दिलेल्या अहवालात, निदान तीन ते पाच टक्के मुले प्रज्ञावान असतात, आणि ती केवळ बुद्धिगुणांकाने ओळखता येत नाहीत, नेतृत्व, कला, नवनिर्मिती हीही प्रज्ञेचीच अंगे आहेत, असे प्रतिपादन केले होते. सर्वांनी माना डोलावल्या. व्यवहारात मात्र पुष्कळ राज्यांत एकशेतीस हा आकडा उंबरठा होऊन बसला. त्या आकड्याचे रहस्य बुद्धीत नाही, गणितात आहे. सरासरी शंभर आणि विचलन पंधरा धरले, की दोन पायऱ्या वर एकशेतीस येतात, आणि शंभरांतील सुमारे दोन मुले त्याच्या वर असतात. कोणी दीड पायरी धरली असती तर तो उंबरठा दुसरीकडे असता. शिवाय उत्तमातल्या उत्तम चाचणीतही पाच-सहा गुणांची इकडेतिकडे होण्याची शक्यता चाचणी करणारेच मान्य करतात. आणि जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखविल्याप्रमाणे चाचणी जुनी होत जाते तसे दर दहा वर्षांना सुमारे तीन गुण मुलांच्या पदरात आपोआप अधिक पडू लागतात, म्हणून आवृत्ती कोणती वापरली यावरही एखाद्याचे भाग्य ठरते. एकशेएकोणतीस आणि एकशेतीस यांत भेद करणे म्हणजे साखळीने जमीन मोजून केसाच्या रुंदीवर तंटा करणे होय. मोजणीचे काम जवळून पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. म्हणूनच आमच्याकडे हद्दीच्या वादात फेरमोजणीची तरतूद असते.

परंतु फेरमोजणीला खर्च येतो, आणि इथेच या वहिवाटीचे दुखणे आहे. फ्लॉरिडातील ब्रॉवर्ड परगण्यात शिक्षकांनी वा पालकांनी नाव सुचविले तरच मुलाची चाचणी होत असे, आणि ज्यांना परवडे ते खाजगी मानसशास्त्रज्ञाकडून ती करून आणीत. २००५ च्या सुमारास त्या परगण्याने एक नवा शिरस्ता सुरू केला: दुसऱ्या इयत्तेतील सर्वच मुलांची, कोणाच्याही अर्जाविना, एक प्राथमिक चाचणी घ्यावयाची. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा पुढे अभ्यास केला, आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. कार्ड यांना नंतर नोबेलही मिळाले. प्रज्ञावान ठरलेल्या मुलांचे प्रमाण स्पॅनिशभाषक मुलांत दोन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर, आणि कृष्णवर्णीय मुलांत एकावरून तीन टक्क्यांवर गेले. नवीन मुलांनी चाचणीत पुरेसे गुण मिळविले होते. आजवर त्यांच्यासाठी कोणी बोलले नव्हते, इतकेच. जेंकिन्सने १९३५ साली जे सांगितले होते तेच सत्तर वर्षांनी एका परगण्याच्या दप्तरातून पुन्हा सिद्ध झाले. पुढे पैशांची चणचण भासली, सर्वांची चाचणी बंद पडली, आणि जुनी तफावत परत आली.

न्यूयॉर्कचे उदाहरण याहून निराळे, आणि मला विशेष जिव्हाळ्याचे वाटते, कारण त्यात पालकांनी दाखविलेली चिकाटी निव्वळ आपल्या मुलापुरती उरली नाही. तेथे चार वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊन त्यांना बालवर्गापासूनच प्रज्ञावानांच्या तुकडीत घेत असत. शंभरात नव्वदाच्या वर क्रमांक आला तर जवळच्या तुकडीत, सत्त्याण्णवच्या वर आला तर शहरातील मोजक्या शाळांपैकी एखाद्या शाळेत. २०१३ साली सुमारे छत्तीस हजार मुलांनी ती परीक्षा दिली. निकाल हाती आल्यावर काही पालकांनी मुलाचे मूळ गुण आणि छापील तक्ते समोर ठेवून हिशेब केला, तो जुळेना. त्यांनी तक्रार केली. तपासणीअंती असे आढळले की गुण लावणाऱ्या पिअर्सन कंपनीने मुलांचे वय वर्षे आणि महिने एवढेच धरले होते, दिवस धरलेच नव्हते, एक तक्ता जुना वापरला होता, आणि दोन परीक्षांचे गुण एकत्र करतानाही चूक केली होती. आधी नापसंत म्हणून कळविलेली २,६९८ मुले वस्तुतः पात्र होती, आणि आणखी २,०३७ मुले वरच्या शाळांना पात्र असताना त्यांना फक्त जवळच्या तुकडीचे पत्र गेले होते. कंपनीने क्षमा मागितली. थोड्याच आठवड्यांत आणखी एक चूक उघडकीस आली आणि आणखी शेकडो मुलांची भर पडली. चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील काही दिवस हिशेबातून सुटले, आणि त्याच्या आईला पत्र गेले की तुमचे मूल प्रज्ञावान नाही. ज्या आईबापांनी कागद-पेन्सिल घेऊन रात्री तो हिशेब मांडला, त्यांच्यामुळे हजारो अशा घरांची पत्रे बदलली, की ज्यांनी तो मांडला नव्हता. ती परीक्षा आता न्यूयॉर्कने सोडून दिली आहे.

१९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर जी मराठी कुटुंबे अमेरिकेत गेली, त्यांत डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक यांचा भरणा अधिक होता. फॉर्म वाचणे, मुदत पाळणे, पुरावा जोडणे हे त्यांच्या रक्तातच होते. चौथीच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आणि निकालानंतरची गुणपडताळणी यांवर त्यांचे बालपण पोसलेले होते. त्यामुळे प्रज्ञावानांच्या वर्गाचा फेरअर्ज त्यांना परका वाटला नाही, आणि मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या पंगतीला बसलेल्या आया एकमेकींना कोणता मानसशास्त्रज्ञ चांगला आणि समितीपुढे काय मांडावे हे सांगू लागल्या. यात मला वावगे काही दिसत नाही. आपल्या मुलासाठी शब्द टाकणे हे आईबापांचे काम आहे, आणि भाचीच्या फाइलीतील पन्हळीचे चित्र मी स्वतः पाहिले होते. ज्या मुलीने पाणी कोठून वळते, कोठे साठते आणि पिंप भरल्यावर कोठे जाते हे बाणांनी दाखविले होते, तिच्यासाठी मीही तो अर्ज केला असता.

गुरुवारी संध्याकाळी दार वाजले. मुलीच्याच वर्गातील एका मुलीची आई आली होती. एल साल्व्हादोरची, जवळच्या इमारतींत साफसफाईचे काम करणारी. तिच्या हातात शाळेचे तेच पत्र होते, पाकिटाची कड फाटलेली, मजकूर इंग्रजीत. पत्रात काय म्हटले आहे हे तिला नीट कळले नव्हते, आणि कळले त्यातून आपल्या मुलीने काही अपराध केला आहे असा तिचा समज झाला होता. भाचीला थोडे स्पॅनिश येते. तिने पत्र वाचून सांगितले, दुसऱ्या दिवशी मुदत संपते हेही सांगितले, आणि आपली निळी फाइल बाजूला सारून मेजावर जागा केली. त्या बाईने खुर्चीच्या कडेवर बसून पिशवीतून मुलीची वही काढली. वहीत पानोपानी बेरजा होत्या, आणि समासात, बेरजांच्या शेजारी, एका शिडीचे चित्र होते. शिडीच्या प्रत्येक पायरीवर एक आकडा, आणि प्रत्येक आकडा खालच्या दोहोंची बेरीज. ते मुलीला कोणी शिकविले होते का, असे भाचीने विचारले. बाईने मान हलविली, म्हणाली, नाही, ती अंथरुणात पडल्यापडल्या असे काहीतरी करीत असते. भाचीने कोरा अर्ज काढला, पेनचे टोपण उघडले आणि विचारले, "मुलीचं पूर्ण नाव सांगा."